भुऱ्याचा रोजमेळ

मार्चअखेर म्हणजे काय, हे या मासिकाच्या निम्म्या वाचकांना सांगावे लागणार नाही. उरलेल्या निम्म्यांनी ती काउंटरच्या पलीकडून अनुभवलेली आहे. २०२३ सालच्या मार्चमधील शेवटचा सोमवार, तारीख २७. पंजाबातील डेराबस्सी येथे माझी बदली होऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. चंदिगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, मोहाली जिल्ह्यातले हे गाव. एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला गव्हाची शेते आणि मधोमध वाढत चाललेल्या सदनिका, असे त्याचे रूप आहे. अशाच एका सदनिकेत आम्ही चौघे राहत होतो. मी, यजमान, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पाचवा भुऱ्या. शेजारचे कुटुंब बदली होऊन दक्षिणेत गेले, तेव्हा त्यांनी जाताना आमच्या स्वाधीन केलेला तीन वर्षांचा ससा.

त्या सकाळी भुऱ्याच्या वाटीतले गवत रात्री ठेवले तसेच होते. एरवी स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी सोडली की कानांचे टोक हलवीत धावत येणारा हा प्राणी कोपऱ्यात एका कुशीवर बसून राहिला होता. मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला पसरलेले. मी पाहिले, मनात म्हटले, "ऊन वाढले आहे, सुस्तावला असेल," आणि डबा घेऊन निघाले. त्या दिवशी थकीत कर्जखात्यांची यादी पुरी करायची होती.

रात्री आठला घरी परतले तेव्हा भुऱ्या त्याच कोपऱ्यात होता. पुढच्या दोन पायांवर शरीर ओढत दोन वीत सरकला आणि थांबला. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे मागून आले. पोटाखालची लव मूत्राने भिजली होती. मुलगा त्याच्याशेजारी जमिनीवर पालथा झोपून त्याच्या तोंडाशी गाजर धरून होता. "आई, हा दिवसभर काहीच खात नाहीये," एवढेच तो म्हणाला. सासूबाईंनी दुपारी मला दोनदा दूरध्वनी केला होता. मी बैठकीत होते, घेतला नव्हता.

ते दहा-अकरा तास माझ्या नावे कायमचे खर्ची पडले आहेत. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच.

ससा पाळणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की हा प्राणी आपला आजार लपवतो. कुत्रे विव्हळते, मांजर निदान तक्रारीचा सूर लावते. ससा मात्र निसर्गात इतरांचे भक्ष्य आहे. जो लंगडताना दिसेल तो आधी उचलला जाईल, हे त्याच्या रक्तात मुरलेले आहे. म्हणून दुखणे अगदी असह्य होईपर्यंत तो गप्प बसतो, आणि आपल्याला "अचानक" वाटणारे दुखणे पुष्कळदा अचानक आलेले नसते. 'सशाचे काळीज' हा शब्दप्रयोग आपण भित्र्या माणसासाठी वापरतो. हे प्रकरण जवळून पाहिल्यावर मला वाटू लागले आहे, की भित्रेपणाचे सोंग न आणता दुखणे गिळून बसणे याला धीरच म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. पाय लुळे पडलेले दिसले की आपले सारे लक्ष पायांकडे जाते. सशाचा जीव मात्र त्याआधी पोटामुळे जातो. घोड्याप्रमाणे सशाचेही पचन आतड्याच्या मागच्या भागात, असंख्य सूक्ष्म जीवांच्या मदतीने, अखंड चालते. ते थांबवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. त्याला उलटीही करता येत नाही. बारा तास तोंडात काही गेले नाही की आतडी मंदावतात, वायू धरतो, दुखते, दुखते म्हणून तो आणखी खात नाही, आणि पुढे यकृतावर चरबी चढू लागते. म्हणून सशाने एक वेळचे जेवण सोडले तर "उद्या पाहू" हे उत्तर चालत नाही. आम्ही ते चालवले होते.

सासूबाईंनी तेवढ्यात शीतकपाटातून मुलाच्या घसादुखीच्या वेळचे उरलेले औषध काढले. "अगं, थेंबभर दे, लहान मुलाला चालते ते याला का नाही चालणार?" त्यांचा तर्क मला पटला होता, हे कबूल केले पाहिजे. सुदैवाने त्याच वेळी यजमानांचा चंदिगडमधील एका पशुवैद्यांशी संपर्क झाला, आणि त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते हे, की घरातले कोणतेही प्रतिजैविक तोंडाने देऊ नका. आमच्या बाटलीत अमॉक्सिसिलिन होते. पेनिसिलिनच्या कुळातली अशी औषधे सशाच्या पोटात गेली की तेथील उपयुक्त जीव मरतात, घातक जीव माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दगावतो. माणसाच्या मुलाला बरे करणारा तो गोड गुलाबी द्रव सशाला मारू शकतो, हे ज्ञान आम्हाला फार थोड्या मिनिटांच्या अंतराने वेळेवर मिळाले.

त्यांची दुसरी सूचना उचलण्याबाबत होती. पाठीचा कणा दुखावला असण्याची शक्यता असेल तर सशाला काखेत घालून उचलू नये; सपाट, टणक वस्तूवर सरकवून घ्यावे. आमच्याकडे जेवायला बसायचा सागवानी पाट होता. सासूबाईंनी तो नाशिकहून बरोबर आणला होता. त्यावर जुनी चादर घालून भुऱ्याला अलगद सरकवले, भोवती गुंडाळलेले पंचे लावले, वरून अंधार व्हावा म्हणून ओढणी पांघरली आणि तो पाट मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. डेराबस्सी ते चंदिगड हे वीसेक किलोमीटरचे अंतर. मध्ये झिरकपूर लागते. तेथील वाहतुकीची कोंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या तासाभराची कल्पना येईल. ओढणीखालून त्याचा श्वास तेवढा हाताला लागत होता.

पशुवैद्यांनी आधी पायांना हातच लावला नाही. ताप मोजला. सशाचे नेहमीचे तापमान साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सियस असते. भुऱ्याचे साडेसदतीस निघाले. थंड पडत चाललेला ससा हा तापलेल्या सशापेक्षा अधिक काळजीचा, असे ते म्हणाले. उबदार पिशव्या, कातडीखाली सलाइन आणि वेदनाशामक झाल्यावरच त्यांनी पायांची तपासणी सुरू केली. बोटांमधली कातडी चिमट्याने दाबून तो पाय ओढून घेतो का, आणि त्याला ते जाणवते का, हे पाहिले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय आखडणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. मान वळवणे, डोळे विस्फारणे यावरून वेदना मेंदूपर्यंत पोचल्याचे कळते. उजव्या पायाची वेदना पोचत होती. डाव्याची जेमतेम.

नंतर क्ष-किरण चित्र काढले. मागचे पाय एकाएकी लुळे पडले की पहिला संशय कण्याच्या दुखापतीचाच घ्यावा लागतो. सशाच्या मागच्या पायांचे स्नायू फार बलवान आणि हाडे फार हलकी. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या बारा-तेरा टक्के भरतो, सशाचा जेमतेम सात-आठ टक्के. कोणी चुकीचे धरले, मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्याने घाबरून जोराची लाथ झाडली, तर त्याच्या स्वतःच्याच जोराने कमरेचा मणका मोडू शकतो. मुलांच्या हाती ससा देताना एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली, आणि सशाची पाठ आपल्या अंगाला टेकलेली, हे शिकवायलाच हवे. खरे तर मुलांनी जमिनीवर बसून त्याला जवळ येऊ द्यावे हे सर्वांत बरे. कान धरून उचलण्याची जी चित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो ती विसरावीत.

चित्रात मोड नव्हता, मणके जागच्या जागी होते. वय वाढलेल्या सशांत दिसणारी मणक्यांची झीजही नव्हती. मग रक्त तपासणीला गेले आणि पशुवैद्यांनी एक लांबलचक नाव कागदावर लिहिले, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली.

हे नाव माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला उच्चारायलाच दोन दिवस लागले. पण ससा पाळणाऱ्या घराने ते जाणून घ्यावे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. १९२२ साली राइट आणि क्रेगहेड या संशोधकांना प्रयोगशाळेतील सशांच्या पिल्लांत पाय लुळे पडण्याची साथ दिसली आणि त्यांच्या मेंदूत व मूत्रपिंडात हा सूक्ष्म परजीवी सापडला. पुढच्याच वर्षी त्याचे नामकरण झाले. पूर्वी त्याला आदिजीवांत गणत, आता तो बुरशीच्या नात्यातला मानला जातो. त्याचे बीजाणू बाधित सशाच्या मूत्रातून बाहेर पडतात आणि चाऱ्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. पुष्कळदा आईकडूनच पिल्लाकडे येतात. विशेष म्हणजे अनेक ससे तो अंगात बाळगून काहीही न होता आयुष्य काढतात. काहींच्या बाबतीत मात्र केव्हातरी, ताण पडला किंवा प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे, तो डोके वर काढतो. कोणाची मान एका बाजूला कलते, कोणाच्या डोळ्यात पांढरट डाग येतो, कोणाची मूत्रपिंडे खराब होतात, तर कोणाचे मागचे पाय जातात.

त्यामुळे निदान अवघड होते. रक्तात प्रतिपिंडे सापडली तर त्याचा अर्थ या सशाची त्या परजीवीशी कधीतरी गाठ पडली आहे एवढाच. आजचे दुखणे त्याचेच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. भुऱ्याच्या रक्तात ती पुष्कळ निघाली, क्ष-किरणात काही निघाले नाही, म्हणून दाट संभव त्याच आजाराचा. पशुवैद्यांनी 'संभव' हा शब्द तीनदा वापरला. कर्जाच्या प्रस्तावावर टिपण लिहिताना आम्हीही असेच शब्द वापरतो, त्यामुळे मला त्यांच्याविषयी विश्वासच वाटला. अधिक तपासण्या हव्या असतील तर लुधियानाला २००५ साली स्थापन झालेल्या गुरू अंगद देव पशुवैद्यक विद्यापीठाचे रुग्णालय आहे, असेही त्यांनी सांगितले. पण शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास या अवस्थेत त्याला सोसणार नाही, हेही तेच म्हणाले.

उपचार ठरला तो फेनबेंडाझोल या औषधाचा, सलग २८ दिवस. दुसऱ्या दिवशी शाखेत हे नाव उच्चारताच आमचे एक दूध व्यावसायिक खातेदार हसले. "मॅडमजी, ये तो हम भैंसों को देते हैं!" खरोखरच ते गुराढोरांच्या जंतांवरचे औषध आहे. सशासाठी मात्रा अर्थातच वेगळी, आणि तीही वजनावर काटेकोर मोजून, कारण हे औषध क्वचित रक्तपेशी घटवते. मध्यंतरी रक्त पुन्हा तपासावे लागते. शेजारच्या गोठ्यातली बाटली आणून अंदाजाने पाजणे म्हणजे नवा आजार विकत घेणे.

आपल्या देशातल्या बहुतेक पशुवैद्यांचा हात गुरांवर, घोड्यांवर, फार तर कुत्र्यांवर बसलेला असतो. त्यात दोष त्यांचा नाही. ससा आपल्याकडे शास्त्राच्या पुस्तकात आला तो लोकरीचा किंवा मांसाचा प्राणी म्हणून. इथून वर कुल्लूच्या बाजूला गडसा येथे केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे, तेथे अंगोरा ससे लोकरीसाठी पाळतात. दिवाणखान्यात राहणारा, नाव असलेला ससा ही नवी गोष्ट. तेव्हा ससा घरी आणण्याआधीच, सशांवर नित्य उपचार करणारे पशुवैद्य आपल्या गावात कोण आहेत हे विचारून ठेवावे. मुंबईकरांना परळची सोय आहे. तेथे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारीच बाई साकरबाई पेटिट रुग्णालय. बाकीच्यांनी शोध घ्यावा, आणि तो आजारपणाच्या रात्री घेऊ नये.

घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पुढचा महिना मी ज्याला आजवर 'शुश्रूषा' एवढाच शब्द समजत होते, त्याचा तपशील आम्ही शिकलो.

कण्याचा तोल गेलेला ससा एका कुशीवर कलंडतो आणि कलंडला की घाबरून तडफडतो. पशुवैद्यांनी पंच्याची गुंडाळी करून तिच्या आधाराने बसवायला सांगितले होते. सासूबाईंनी ते ऐकून घेतले, जुन्या नऊवारीचा पदर पिळला आणि एक चुंबळ वळली. डोक्यावर हंडा तोलण्यासाठी आपल्या बायका वळतात, तीच. तिच्या मध्यात भुऱ्या असा नीट बसला की जणू तिचा उपयोग मुळात हाच असावा. दर तीन तासांनी त्याची कूस बदलायची. खाली आधी गोधडी अंथरली होती. पण सुती कापड ओल धरते आणि ओलीने कातडी सोलवटते. मग बाजारातून मऊ फ्लीसची चादर आणली. तिच्यातून ओल खाली झिरपते आणि वरचा भाग कोरडा राहतो. चादर पानिपतची निघाली. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. आमच्या घरात तेव्हापासून पानिपत म्हणजे भुऱ्याचे अंथरूण.

अन्न सिरिंजने भरवायचे. पोटात अडथळा नाही याची खात्री पशुवैद्यांनी आधी करून घेतली होती. ती झाल्याशिवाय बळेच भरवणे घातक ठरते. वाळल्या गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, गाळून, पेजेसारखे पातळ करायचे. सशाच्या पुढच्या दातांमागे एक रिकामी जागा असते. सिरिंजचे टोक बाजूने तेथे सरकवायचे आणि एका वेळी मिलिलिटरभर सोडून तो चावून गिळेपर्यंत थांबायचे. घाई केली तर ते फुप्फुसात जाते. पावणेदोन किलोच्या भुऱ्याला एका वेळी वीस मिलिलिटर, दिवसातून चार वेळा. पहाटेची पाळी माझी, दुपारची सासूबाईंची, सायंकाळची यजमानांची आणि रात्रीची पुन्हा माझी. ३१ मार्चच्या रात्री शाखेतून साडेअकराला परतले ती थेट सिरिंज घेऊनच बसले.

मूत्राशयही लुळे पडले होते. ते हलक्या दाबाने रिकामे करण्याची पद्धत पशुवैद्यांनी यजमानांना स्वतः हात धरून शिकवली. पुस्तकात किंवा चित्रफितीत पाहून हा प्रयोग कोणी करू नये, मूत्राशय फुटू शकते. मागचा भाग रोज कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा. अंघोळ घालायची नाही, त्या धक्क्याने निरोगी ससाही गारठतो.

आणखी एक गोष्ट लिहिताना जरा संकोच वाटतो, तरी ती लिहिलीच पाहिजे. ससा दोन प्रकारचे मलविसर्जन करतो. कोरड्या गोल लेंड्या आपण पाहतो. दुसऱ्या मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या तो आपल्याला दिसूही देत नाही. पडताक्षणीच तोंडाने उचलून खातो. पहिल्या फेरीत हाती न लागलेले जीवनसत्त्व आणि प्रथिने तो दुसऱ्या फेरीत वसूल करून घेतो. (वसुली विभागाने आदर्श ठेवावा असा हा प्राणी आहे.) पाठ वळत नसलेल्या सशाला ते जमत नाही, त्या मऊ लेंड्या लवेला चिकटून राहतात, आणि उन्हाळ्यात तेथे माश्या अंडी घालतात. दिवसभरात अळ्या होऊन जिवंत कातडी पोखरू लागतात. एप्रिलमध्ये पंजाबात गव्हाची कापणी सुरू झाली की माश्यांना ऊत येतो. आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवल्या, दिवसातून दोनदा त्याची शेपटीखालची बाजू विजेरीने पाहिली, आणि त्या मऊ लेंड्या चमच्यावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरल्या. तो त्या कृतज्ञतेने खात असे. सासूबाईंनी त्या चमच्याला लाल दोरा बांधून वेगळा ठेवला.

या सगळ्यात मुलाला करण्यासारखे काय, असा प्रश्न होता. सिरिंज त्याच्या हाती देता येत नव्हती. तेव्हा मी त्याला शाखेतून बाद झालेली एक रेघांची वही दिली आणि रोजमेळ कसा लिहितात ते सांगितले. डाव्या बाजूला जमा, म्हणजे किती अन्न, किती पाणी, कोणते औषध, किती वाजता. उजव्या बाजूला नावे, म्हणजे मूत्र किती वेळा, लेंड्या किती, केवढ्या. शेवटी शिल्लक म्हणजे वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

निरोगी ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. रोजमेळात २८ मार्चला शून्य होते. २९ ला सात, "बारीक, काळ्या, मोहरीएवढ्या." ३० ला एकतीस. १ एप्रिलला, "एकशे चार, आजोबांच्या गोळ्यांएवढ्या. मोजून कंटाळलो." पशुवैद्य दर भेटीत पायांच्या आधी ती वही मागून घेत. पोट सुरू झाले आहे हे त्यांना त्यातून कळे. ५ एप्रिलला आकडा एकशे चाळीसवरून एकाएकी साठावर आला. भुऱ्या दिसायला आदल्या दिवसासारखाच होता, मला काही वेगळे जाणवले नव्हते. मुलाने वही माझ्यापुढे धरली. आम्ही दूरध्वनी केला, वेदनाशामकाचे प्रमाण आणि पाणी बदलले, दोन दिवसांत आकडा वर गेला. त्या दिवशी वही नसती तर पुन्हा तेच दहा-अकरा तास गेले असते.

पायांचे मात्र काही होत नव्हते. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे आम्ही ते सायकल चालवल्यासारखे हलवीत होतो, पोटाखालून ओढणीचा झोळा घेऊन त्याला उभे करीत होतो. आमच्या घरातली चकचकीत फरशी ही सशाची वैरीण, हेही उशिरा कळले. तिच्यावर त्याच्या केसाळ तळव्यांना धर मिळत नाही आणि घसरून सांधे दुखावतात. सगळीकडे दऱ्या अंथरल्या.

पहिल्याच रात्री पशुवैद्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. दोन आठवड्यांत तो आपण होऊन खाऊ लागला नाही, किंवा डाव्या पायाची उरलीसुरली संवेदनाही गेली, किंवा मूत्राशयाचा ताबा आलाच नाही, तर त्याला शांतपणे निरोप देण्याचा विचार करावा लागेल. त्या तीन अटी मी डायरीत लिहून घेतल्या आणि मुलाला सांगितल्या नाहीत. शाखेतले एक सहकारी सहजपणे म्हणाले, "मॅडम, नवा ससा काही शेकड्यांत मिळतो." हिशेब म्हणून ते बरोबर होते. प्रत्येक फेरीला झालेला खर्च मी मनात मांडत होते, आणि झालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो हे एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेले सूत्रही मला आठवत होते. प्रश्न पुढे काय वाढून ठेवले आहे एवढाच होता, आणि तो भुऱ्याच्या बाजूने विचारायचा होता. त्याला भूक आहे का? कोणी जवळ आले की कान वळतात का? दुखण्यावाचून काही तास जातात का? पशुवैद्य म्हणाले, या तिन्हींची उत्तरे 'होय' असतील तर पाय नसलेला ससाही सुखाने जगतो. नसतील तर त्याला जगवणे हा आपला हट्ट. त्या पंधरवड्यात मी हे प्रश्न रोज रात्री विचारले, आणि दोन रात्री उत्तर 'नाही' असे आले होते.

२ एप्रिलला त्याने कोथिंबिरीचा देठ आपण होऊन खाल्ला. एक अट सुटली. मूत्राशय आठवड्याभराने स्वतः रिकामे होऊ लागले. राहिला डावा पाय. १४ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, ज्यांनी म्हशींच्या औषधाची थट्टा केली होती तेच खातेदार हिरव्या जईची पेंडी घेऊन दारात आले. जई म्हणजे ओट. पंजाबात ती गुरांसाठी पेरतात. त्यांनी बरसीमही आणले होते, पण तो चारा घोडघासासारखाच प्रथिने आणि चुन्याने जड, मूत्रपिंडाचा संशय असलेल्या सशाला तो नको म्हणून परत दिला. सरदारजींना वाईट वाटले नाही. "हमारी भैंस खा लेगी," म्हणाले. ती जई चुंबळीपासून हातभर अंतरावर ठेवली. भुऱ्याने पुढचे पाय रोवले, आणि उजव्या पायाने जमीन रेटली. एकदाच. डाव्या पायाचे अंगठ्याकडचे बोट त्याबरोबर आखडले. मुलगा ओरडला नाही, कारण ओरडायचे नाही हे त्याला पढवलेले होते. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

२५ एप्रिलला औषधाचे २८ दिवस पुरे झाले. शेवटच्या आठवड्यात सारा संसार उकळत्या पाण्याने धुतला, कारण बीजाणू बाहेरही कित्येक आठवडे तग धरतात. एरवी आपण बरा केलेला आजार आपल्याच घरातून पुन्हा पोटात जायचा. माणसांना याचा धोका क्वचितच, पण ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली आहे त्यांनी अशा सशाची सफाई करू नये आणि इतरांनीही हात साबणाने धुवावेत.

मग उन्हाळा आला. मे-जूनमध्ये डेराबस्सीत पारा चाळीसच्या पार जातो, आणि सशाला घाम येत नाही; त्याची उष्णता कानांवाटे बाहेर पडते. तिशीच्या आसपासच त्याची कासाविशी सुरू होते. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. वाळ्याचा कूलर, अंथरुणाशेजारी गोठवलेल्या पाण्याची कापडात गुंडाळलेली बाटली, आणि कानांवर साध्या पाण्याचा हात. बर्फाचे पाणी नाही. उन्हात लटलट करणारा ससाही पाय गेल्यासारखाच दिसतो, आणि तेथे तर मिनिटे मोजायची असतात.

गाजराचेही सांगून टाकते. त्या पहिल्या संध्याकाळी मुलाने ते त्याच्या तोंडाशी धरले होते, कारण ससा आणि गाजर ही जोडी आपण अंकलिपीतच शिकतो. गाजर सशाच्या दृष्टीने मिठाई आहे. त्याच्या ताटातला मोठा भाग, ऐंशी टक्के म्हटले तरी चालेल, गवत आणि वाळले गवत यांचा हवा. त्यानेच पोट चालते आणि आयुष्यभर वाढणारे दात झिजतात. महाराष्ट्रात दूर्वा आणि हरळी कुठेही मिळते. फक्त फवारणी न झालेल्या जागेची आणावी. कोवळी ज्वारी गुरांना लागते हे आपले शेतकरी जाणतात, ती सशालाही देऊ नये.

भुऱ्या आता चालतो. धावत नाही, उजव्या पायाने रेटतो आणि डावा मागून फरफटत येतो, त्यामुळे त्याच्या चालण्याला दरीवर एक विशिष्ट खरखर असा आवाज आहे. डाव्या टाचेला घट्टा पडू नये म्हणून ती रोज पाहावी लागते. पशुवैद्यांच्या मते आहे त्यापेक्षा फार सुधारणा आता व्हायची नाही, आणि दुखणे उलटूही शकते. चुंबळ अजून कोपऱ्यात आहे. गरज नाही, तरी दुपारी तो तिच्यातच झोपतो.

मुलाची रेघांची वही संपली, तेव्हा त्याने माझ्याकडून दुसरी मागून घेतली. आता ती रोज लिहिली जात नाही, रविवारी लिहिली जाते. परवाची नोंद मी त्याला न विचारता वाचली: "वजन १ किलो ८६०. डावा पाय तोच. लेंड्या भरपूर, मोजल्या नाहीत. जई संपवली. आजीची चप्पल कुरतडली. आजीला अजून माहीत नाही."